बालकांमधील मानसिक लवचिकता

बालकांमधील मानसिक लवचिकता म्हणजे अडचण, अपयश, निराशा किंवा आघात यांना सामोरे गेल्यानंतर सावरण्याची आणि आपली वाढ व शिकणे पुढे चालू ठेवण्याची लहान मुलांची क्षमता होय. विकासात्मक मानसशास्त्र, बालमानसोपचार आणि बालशिक्षण या शाखांमध्ये या क्षमतेचा अभ्यास केला जातो. प्रारंभी ती काही मोजक्या मुलांना लाभलेला जन्मजात गुण समजली जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या दीर्घकालीन अभ्यासांनंतर मात्र ती मूल, त्याची जवळची माणसे आणि त्याचा परिसर यांच्या परस्परसंबंधांतून हळूहळू घडणारी प्रक्रिया आहे, हा दृष्टिकोन रूढ झाला.

या विषयासंबंधी समाजात परस्परविरोधी अशा दोन समजुती आढळतात. मुलाला कठोरपणे वागवले, रडू दिले, एकटे सोडले की ते कणखर होते, ही एक. आणि मुलाच्या वाट्याला कोणतीही अडचण येऊच देऊ नये, ही दुसरी. उपलब्ध संशोधन या दोन्ही समजुतींना पाठिंबा देत नाही. आपल्या आवाक्यातील अडचणींशी झगडण्याची संधी आणि त्या वेळी विश्वासाचे मोठे माणूस जवळ असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मूल सावरायला शिकते, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

## संज्ञा आणि व्याप्ती

ही संकल्पना भौतिकशास्त्रातील स्थितिस्थापकतेच्या कल्पनेशी मिळतीजुळती आहे. ताण काढून घेतल्यावर पदार्थाने पूर्वीच्या आकारात परत येणे म्हणजे स्थितिस्थापकता. मराठीत या मानसिक क्षमतेसाठी ‘मानसिक लवचिकता’, ‘चिवटपणा’, ‘मनोबल’ आणि ‘सावरण्याची क्षमता’ असे शब्दप्रयोग केले जातात. पदार्थाची उपमा मुलांच्या बाबतीत काहीशी अपुरी पडते. मूल सतत वाढत असते. त्यामुळे संकटानंतर ते पूर्वीच्या स्थितीत परत जात नाही, तर आलेला अनुभव पचवून पुढे जाते.

संशोधनात ही संज्ञा वापरताना सामान्यतः दोन अटी गृहीत धरल्या जातात. पहिली, मुलाच्या विकासाला खरोखरच धोका निर्माण करणारी परिस्थिती असली पाहिजे. दुसरी, तरीही त्याचा विकास समाधानकारक झालेला असला पाहिजे. दैनंदिन वापरात या संज्ञेचा अर्थ अधिक व्यापक आहे. ठोकळ्यांचा मनोरा कोसळणे, खेळात डाव हरणे, मित्राने खेळायला न घेणे, चित्र बिघडणे अशा लहानसहान प्रसंगांतून सावरणे हाही त्यात अंतर्भूत होतो.

या दोन पातळ्यांमधील फरक लक्षात घेणे महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील विकसनशील बालकविषयक राष्ट्रीय वैज्ञानिक परिषदेने मुलांना जाणवणाऱ्या ताणाचे तीन प्रकार मांडले आहेत:

* हितकारक ताण: बालवाडीचा पहिला दिवस किंवा लसीची सुई यांसारख्या प्रसंगी निर्माण होणारा, सौम्य आणि थोडाच काळ टिकणारा ताण. हा निरोगी वाढीचा भाग मानला जातो.
* सुसह्य ताण: जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती किंवा गंभीर दुखापत यांमुळे येणारा तीव्र ताण. मुलाला आधार देणारी प्रौढ व्यक्ती असेल, तर त्याची तीव्रता कमी होऊन शरीर पूर्ववत होते.
* घातक ताण: सततची मारहाण, उपेक्षा, घरातील हिंसा किंवा दीर्घकाळचे दारिद्र्य यांमुळे, आधाराच्या अभावी, दीर्घकाळ चालू राहणारा ताण. याचा मेंदूच्या आणि शरीराच्या वाढीवर विपरीत परिणाम होऊ शकतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांतील मुख्य भेद हा केवळ संकटाच्या आकाराचा नाही. संकटकाळी मुलाजवळ कोण आहे, यावरही तो अवलंबून असतो.

## संशोधनाचा इतिहास

### प्रारंभ

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बालमानसशास्त्राचा भर मुलांमधील दोष आणि विकार यांवर होता. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन गार्मेझी हे स्किझोफ्रेनिया या विकाराचा अभ्यास करत होते. या विकाराने ग्रस्त असलेल्या पालकांच्या मुलांपैकी अनेक मुले व्यवस्थित वाढत असल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. काय बिघडले याबरोबरच काय टिकून राहिले याचाही शोध घेतला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. १९७०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या सक्षमतेवर सुरू केलेले संशोधन या विषयाचा एक पाया मानले जाते.

### काउआई बेटावरील अभ्यास

या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध दीर्घकालीन अभ्यास हवाई द्वीपसमूहातील काउआई या बेटावर झाला. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी १९५५ साली या बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांचा जन्मापूर्वीपासून मागोवा घेतला. वयाच्या १, २, १०, १८, ३२ आणि ४० व्या वर्षी त्यांची माहिती गोळा करण्यात आली. यांतील अनेक कुटुंबे उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी आशिया आणि युरोपातून आलेल्या लोकांच्या वंशातील होती.

सुमारे एकतृतीयांश मुले गंभीर धोक्याच्या गटात मोडत होती. दारिद्र्य, जन्मावेळची गुंतागुंत, घरातील कलह, पालकांचे व्यसन किंवा मानसिक आजार यांपैकी अनेक घटक त्यांच्या वाट्याला एकाच वेळी आले होते. दोन वर्षांच्या आतच चार किंवा अधिक धोके वाट्याला आलेल्या मुलांपैकी दोनतृतीयांश मुलांमध्ये पुढे शिकण्याच्या, वर्तनाच्या किंवा मानसिक आरोग्याच्या समस्या दिसून आल्या. उरलेली ७२ मुले मात्र आत्मविश्वासू, कर्तबगार आणि इतरांची काळजी घेणारी माणसे झाली. चाळिशीपर्यंत त्यांच्यापैकी कोणीही बेरोजगार नव्हते आणि कोणीही कायद्याच्या कचाट्यात सापडले नव्हते.

या ७२ जणांच्या बालपणात काही समान गोष्टी आढळल्या. त्यांना किमान एका व्यक्तीचा स्थिर आणि मायेचा आधार लाभला होता. ही व्यक्ती नेहमी आई किंवा वडीलच होती असे नाही. ते आजी-आजोबा, मोठी भावंडे, नातेवाईक, शेजारी किंवा शिक्षकही होते. अनेकांवर लहान भावंडांना सांभाळण्यासारखी, घराला खरोखर उपयोगी पडणारी जबाबदारी होती. आवडीचे एखादे काम किंवा छंद आणि आपल्या प्रयत्नांनी परिस्थिती बदलू शकते हा विश्वासही त्यांच्यात दिसला.

या अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. किशोरवयात अडचणीत सापडलेल्यांपैकी बहुतेक जण मध्यमवयापर्यंत सावरले होते. पुढील शिक्षण, स्थिर वैवाहिक जीवन, नोकरी किंवा एखाद्या समुदायाचा आधार अशा नव्या संधींमुळे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. सावरण्याची क्षमता केवळ बालपणातच ठरून जाते, या समजुतीला त्यामुळे छेद मिळाला.

### पुढील संशोधन

ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९८०च्या दशकात लवचिकतेकडे गुण म्हणून नव्हे, तर प्रक्रिया म्हणून पाहण्याचा आग्रह धरला. आवाक्यातील अडचणींना यशस्वीपणे तोंड दिल्याने पुढील अडचणींसाठी मनाची तयारी होते, हा विचार त्यांनी मांडला. पोलादाला पाणी देऊन ते कणखर करण्याशी त्यांनी या परिणामाची तुलना केली. मात्र अडचण आवाक्याबाहेरची असेल, तर तिचा परिणाम नेमका उलट होतो, हेही त्यांनी स्पष्ट केले.

आधाराच्या अभावाचे परिणाम रुमानियातील अनाथालयांच्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. चाउशेस्कू यांची राजवट १९८९ साली कोसळल्यावर तेथील गर्दीच्या अनाथालयांची दुरवस्था जगासमोर आली. चार्ल्स नेल्सन, चार्ल्स झीना आणि नेथन फॉक्स यांनी बुखारेस्ट येथे २००० सालाच्या सुमारास सुरू केलेल्या प्रकल्पात १३६ लहान मुलांचा समावेश होता. त्यांपैकी निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने निवडून प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात वाढलेल्या मुलांची प्रगती अधिक चांगली झाली. विशेषतः वयाच्या सुमारे दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्या मुलांमध्ये जिव्हाळ्याचे नाते जोडण्याची क्षमता अधिक चांगली विकसित झाली. एकटे सोडल्याने मूल कणखर होते, या समजुतीविरुद्धचा हा सबळ पुरावा मानला जातो.

गार्मेझी यांच्या विद्यार्थिनी अ‍ॅन मास्टेन यांनी २००१ मधील एका लेखात या संशोधनाचा आढावा घेतला. लवचिकता ही असामान्य मुलांची दुर्मीळ देणगी नसून जिव्हाळ्याची नाती, शिकण्याची क्षमता, स्वनियंत्रण अशा अगदी सामान्य मानवी व्यवस्थांतून ती निर्माण होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या व्यवस्था शाबूत राहिल्या तर बहुतेक मुले सावरतात. धोका निर्माण होतो तो या व्यवस्थाच मोडून पडल्यावर.

## जैविक आणि स्वभावगत घटक

भीती किंवा निराशा वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि शरीर सज्ज होते. धोका टळल्यावर ही यंत्रणा पूर्ववत होणे अपेक्षित असते. लहान मुलांना हे स्वतःहून साधत नाही. त्यांना उचलून घेणे, थोपटणे, शांत स्वरात बोलणे यांमुळे त्यांचे शरीर शांत होते. मोठ्यांच्या मदतीने शांत होण्याचा हा अनुभव असंख्य वेळा आल्यानंतर मूल हळूहळू स्वतःला शांत करायला शिकते.

भावनांवर ताबा ठेवणे, वाट पाहणे, एक उपाय फसल्यास दुसरा योजणे ही कामे मुख्यतः मेंदूच्या पुढील भागाकडून होतात. हा भाग पंचविशीपर्यंत विकसित होत राहतो. त्यामुळे खेळणे मोडल्यावर तीन वर्षांच्या मुलाने आकांत मांडणे, हा बहुधा हट्टीपणा नसून वयानुरूप मर्यादा असते.

मुलांच्या स्वभावातही उपजत फरक असतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ साली न्यूयॉर्क येथे सुरू केलेल्या अभ्यासात सहज जुळवून घेणारी, जुळवून घेण्यास अवघड आणि हळूहळू रुळणारी असे मुलांच्या स्वभावाचे तीन ढोबळ प्रकार नोंदवले. कोणताही एक स्वभाव चांगला किंवा वाईट नसून मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ किती बसतो, हे महत्त्वाचे असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अधिक संवेदनशील मुले प्रतिकूल वातावरणात लवकर कोमेजतात, परंतु अनुकूल वातावरणात इतरांपेक्षा अधिक बहरतात, असेही पुढील काही संशोधनांत मांडले गेले आहे.

## वयानुसार विकास

पहिले वर्ष: एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेल्या प्रयोगात बाळाशी हसत-खेळत असलेल्या आईने काही वेळ चेहरा निर्विकार ठेवला. बाळाने हसून, हातवारे करून, आवाज काढून तिचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला आणि प्रतिसाद न मिळाल्याने ते व्याकूळ झाले. आई पुन्हा बोलू लागल्यावर नाते पूर्ववत झाले. रोजच्या व्यवहारातही आई आणि बाळ यांचे सूर अनेकदा चुकतात आणि पुन्हा जुळतात. तुटलेले पुन्हा जुळते, हा अनुभव लवचिकतेचा पहिला धडा असल्याचे मत ट्रॉनिक यांनी मांडले.

एक ते तीन वर्षे: मूल चालताना वारंवार पडते आणि पुन्हा उठते. पडल्यावर रडण्यापूर्वी ते अनेकदा जवळच्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहते आणि त्यावरून प्रसंगाचे गांभीर्य ठरवते. या वयात ‘मी करतो’, ‘मी करते’ असा आग्रह दिसू लागतो. मात्र इच्छा आणि कौशल्य यांत अंतर असल्याने वैतागही वाढतो.

तीन ते सहा वर्षे: भावना शब्दांत सांगणे, पाळी येईपर्यंत थांबणे, लुटुपुटूच्या खेळातून भीतीचे प्रसंग पुन्हा जगून पाहणे, हे या वयात शक्य होते. डॉक्टरकडे जाऊन आलेले मूल बाहुलीला सुई टोचते, ते याच कारणाने.

सहा ते आठ वर्षे: मूल स्वतःची तुलना इतरांशी करू लागते. ‘मला गणित जमत नाही’ यांसारखी स्वतःविषयीची मते याच काळात आकार घेऊ लागतात. त्यामुळे अपयशाचा अर्थ मुलाला कसा समजावून दिला जातो, याला या वयात विशेष महत्त्व येते.

## सावरण्यास शिकवण्याच्या पद्धती

### आधी धीर, मग उपाय

रडत किंवा संतापलेल्या अवस्थेत मूल युक्तिवाद ऐकण्याच्या स्थितीत नसते. म्हणून प्रथम त्याला शांत होऊ देणे, नंतर भावनेला नाव देणे आणि शेवटी उपायाचा विचार करणे, असा क्रम सुचवला जातो. ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडतोस?’ असे म्हणण्याऐवजी ‘मनोरा पडला म्हणून राग आला ना?’ असे विचारल्यास मुलाला स्वतःची भावना ओळखता येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी १९९०च्या दशकात या पद्धतीचा पुरस्कार केला. भावना मान्य करणे म्हणजे प्रत्येक वर्तन मान्य करणे नव्हे. राग येणे स्वाभाविक असले, तरी ठोकळे फेकून मारणे चालणार नाही, ही मर्यादा त्याच वेळी स्पष्ट केली जाते.

### मोजकी मदत

डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचण्यास शिकवले गेले. मुलाला जेवढे जमत नाही तेवढीच मदत करायची आणि जमू लागताच ती काढून घ्यायची, या पद्धतीला त्यांनी इमारतीच्या बांधकामासाठी उभारल्या जाणाऱ्या परांचीची उपमा दिली. मूल एकट्याने काय करू शकते आणि मदतीने काय करू शकते यांतील अंतरातच शिकणे घडते, या रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांच्या विचाराशी ही पद्धत जुळते.

मुलाच्या हातातून काम काढून घेऊन ते स्वतः पूर्ण करणे, ही मोठ्यांची सर्वसाधारण सवय असते. ज्युलिया लेनर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चार-पाच वर्षांच्या मुलांचे कोडे मोठ्यांनी हातात घेऊन सोडवले, तेव्हा ती मुले पुढील अवघड कामात लवकर माघार घेत असल्याचे दिसले. ‘हा तुकडा फिरवून पाहिलास का?’ यांसारखा इशारा देणे आणि कृती मुलावर सोपवणे, हा यावरील पर्याय मानला जातो. शर्टाची गुंडी लावणे, पाणी ओतून घेणे, सांडल्यास फडक्याने पुसणे अशी घरातील कामे यासाठी उपयुक्त ठरतात. मात्र त्यासाठी मोठ्यांनी हाताशी थोडा अधिक वेळ ठेवणे आवश्यक असते.

### कौतुक आणि चुकीकडे पाहण्याची दृष्टी

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हुशारीचे कौतुक झालेल्या मुलांनी पुढे अपयश आल्यावर चिकाटी कमी दाखवली, तर प्रयत्नांचे कौतुक झालेली मुले अवघड कामात अधिक काळ टिकून राहिली. त्यानंतरच्या वर्षी मेलिसा कॅमिन्स आणि ड्वेक यांनी बालवर्गातील मुलांबाबत असाच निष्कर्ष मांडला. ‘तू हुशार आहेस’ असे वारंवार ऐकणाऱ्या मुलाला चूक म्हणजे आपल्या हुशारीवरील शिक्कामोर्तब पुसले जाणे वाटते. म्हणून मुलाने काय केले, कोणती युक्ती वापरली, कुठे सुधारणा केली, याचे नेमके वर्णन करणे अधिक परिणामकारक मानले जाते. प्रयत्नांचे पोकळ कौतुकही पुरेसे नसते. वाट चुकत असेल तर दुसरी वाट शोधण्यास मदत करणे आवश्यक असते.

पालक स्वतः अपयशाकडे कसे पाहतात, हेही मुलांपर्यंत पोहोचते. कायला हायमोविट्झ आणि ड्वेक यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार, अपयश हानिकारक असते असे मानणाऱ्या पालकांची मुले बुद्धिमत्ता न बदलणारी आहे असे मानण्याकडे अधिक झुकलेली होती.

### मोठ्यांचे वर्तन

मुले उपदेशापेक्षा निरीक्षणातून अधिक शिकतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे १५ महिन्यांच्या बालकांसमोर एका प्रौढ व्यक्तीने डब्यातून खेळणे बाहेर काढले. काही बालकांनी ती व्यक्ती बराच वेळ खटपट करून यशस्वी झाल्याचे पाहिले, तर काहींनी तिला ते चटकन जमल्याचे पाहिले. त्यानंतर बालकांना न चालणारे बटण असलेले खेळणे देण्यात आले. खटपट पाहिलेल्या बालकांनी ते बटण अधिक वेळा दाबून पाहिले. पोळी करपली, वाट चुकली किंवा बस निघून गेली, तर मोठी माणसे काय बोलतात आणि पुढे काय करतात, हा मुलांसाठी रोजचा पाठ असतो. मुलावर विनाकारण ओरडल्यास नंतर त्याची क्षमा मागणे, हाही बिघडलेले नाते दुरुस्त करण्याचा वस्तुपाठ ठरतो.

### खेळ

खेळात हार-जीत असते, परंतु तिचे परिणाम खरे नसतात. त्यामुळे निराशा पचवण्याचा सराव तेथे सुरक्षितपणे होतो. सापशिडीत अगदी शेवटच्या ओळीत सापाने गिळल्यावर पुन्हा खालून सुरुवात करावी लागते आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. प्रत्येक डाव मुद्दाम हरून मुलाला जिंकू दिल्यास हा सराव घडत नाही. तर दर वेळी हरवल्यास खेळण्याची इच्छाच संपते. झाडावर चढणे, उंचावरून उडी मारणे, वेगाने धावणे अशा थोड्या जोखमीच्या खेळांतून मुले भीतीवर मात करणे आणि धोक्याचा अंदाज घेणे शिकतात, असे नॉर्वेतील संशोधिका एलेन सँडसेटर यांनी मांडले आहे. अशा खेळांत खोल पाणी, वाहने किंवा उघड्या विजेच्या तारा यांसारखे, मुलाला ओळखता न येणारे धोके दूर करणे ही मोठ्यांची जबाबदारी राहते.

## महाराष्ट्रातील संदर्भ

मूल पडल्यावर ‘काही नाही झालं, मुंगी मेली बघ’ असे म्हणून त्याचे लक्ष वळवण्याची रीत मराठी घरांत सर्वत्र आढळते. लागलेले किरकोळ असेल तर यामुळे प्रसंग हलका होतो. परंतु मुलाला खरोखर लागले असल्यास त्याची वेदना नाकारली जाते. जमिनीला किंवा टेबलाला ‘हात रे’ करून मारण्याच्या रीतीत मुलाला सहानुभूती मिळते, तथापि दोष नेहमी दुसऱ्याचाच असतो, असाही अर्थ त्यातून पोहोचू शकतो. ‘पडे झडे माल वाढे’ ही म्हण पडणे-झडणे हा वाढीचाच भाग असल्याचे सांगते. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ या म्हणीचा आधार मात्र काही वेळा मुलांना मारण्याच्या समर्थनासाठी घेतला जातो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे.

मुलांच्या पारंपरिक खेळांतील ‘कच्चा लिंबू’ ही प्रथा या संदर्भात उल्लेखनीय आहे. लपंडाव, पकडापकडी यांसारख्या खेळांत लहानग्या भावंडाला सामावून घेतले जाते, परंतु ते बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ते मोठ्यांबरोबर धावते, चुकते, नियम शिकते आणि यथावकाश पक्का खेळाडू म्हणून गणले जाते. मोजकी मदत देऊन ती क्रमाने काढून घेण्याचे तत्त्व येथे मुलांनी स्वतःच अमलात आणलेले दिसते.

संस्थात्मक पातळीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कार्य महत्त्वाचे आहे. गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना करणाऱ्या ताराबाईंनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. पुढे ते कोसबाड येथे विस्तारले. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवण्यात आली. मूल शाळेत टिकत नाही याचा दोष मुलाला न देता शाळेची रचनाच बदलणे, हा दृष्टिकोन त्यामागे होता.

या बालशिक्षणावर मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा प्रभाव होता. माँटेसरी साधनांत चूक मुलाला स्वतःलाच कळेल अशी योजना असते. लाकडी ठोकळ्यातील वेगवेगळ्या मापांच्या खाचांत दट्टे बसवताना एक जरी चुकला, तरी शेवटचा दट्ट्या उरलेल्या खाचेत बसत नाही. शिक्षिकेने चूक दाखवण्याची गरज राहत नाही आणि मूल न लाजता पुन्हा मांडणी करते.

## टीका आणि मर्यादा

लवचिकतेच्या संकल्पनेवरील मुख्य आक्षेप असा की, तिच्यामुळे परिस्थिती बदलण्याची जबाबदारी समाजाऐवजी मुलावर येऊन पडते. उपासमार, हिंसा किंवा भेदभाव सहन करणाऱ्या मुलाला ‘चिवट’ म्हणून गौरवताना ती परिस्थिती दुर्लक्षित राहण्याचा धोका असतो. काउआईच्या अभ्यासातही अनेक धोके एकत्र आलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांना त्यांची झळ बसली होती, याकडे टीकाकार लक्ष वेधतात. कॅनडातील अभ्यासक मायकेल उंगर यांच्या मते, मुलाला आवश्यक साधने व आधार उपलब्ध आहेत का आणि ते त्याच्या संस्कृतीला अनुरूप आहेत का, हा लवचिकतेतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप वरवर दिसणाऱ्या यशाबद्दल आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागातील गरीब कृष्णवर्णीय किशोरांच्या अभ्यासांत जीन ब्रोडी, ग्रेगरी मिलर आणि सहकाऱ्यांना असे दिसले की, मोठ्या आत्मसंयमाने यश मिळवणाऱ्यांच्या शरीरावर मात्र दीर्घकालीन ताणाच्या खुणा उमटल्या होत्या. बाहेरून सावरलेले दिसणारे मूल आतून सुस्थितीत असेलच असे नाही.

शिकवण्याच्या पद्धतींच्या परिणामकारकतेबाबतही मतभेद आहेत. क्षमता वाढू शकते हा विश्वास मुलांमध्ये रुजवणाऱ्या उपक्रमांचा शैक्षणिक प्रगतीवर सरासरीने अल्प परिणाम होतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात आढळले. तसेच एखादे मूल अभ्यासातील अपयश सहज पचवते, पण मैत्री तुटल्यास खचते. त्यामुळे मुलांची ‘लवचिक’ आणि ‘दुर्बल’ अशी कायमची विभागणी करणे अनेक तज्ज्ञ अयोग्य मानतात.

## तज्ज्ञांच्या मदतीची आवश्यकता

आघातानंतर काही दिवस झोप बिघडणे, आईवडिलांना चिकटून राहणे किंवा गेलेल्या सवयी परत येणे हे लहान मुलांमध्ये सर्वसाधारणपणे दिसते. अशी लक्षणे अनेक आठवडे टिकल्यास, मूल खेळणे-बोलणे सोडून देत असल्यास, शिकलेली कौशल्ये गमावत असल्यास किंवा स्वतःला इजा करत असल्यास बालरोगतज्ज्ञ अथवा बालमानसतज्ज्ञ यांचा सल्ला घेतला जातो. मुलावर अत्याचार किंवा हिंसा होत असल्यास त्याला सहन करण्यास शिकवणे हा उपाय ठरत नाही. त्याला तेथून सुरक्षित करणे हेच प्रथम कर्तव्य असते. भारतात संकटातील मुलांसाठी १०९८ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

## हे सुद्धा पहा

* बालमानसशास्त्र
* बालशिक्षण
* माँटेसरी शिक्षणपद्धती
* ताराबाई मोडक
* अनुताई वाघ
* अंगणवाडी
* लेव विगोत्स्की